ड्रेसरची टाकाऊ कुत्री

ड्रेसर एखाद्या कुत्र्याला ‘बरं हाय’ म्हणाले, की ते कुत्रं कामातून गेलं असं समजावं. ‘चांगलं हाय’ म्हणाले, तर मालकानं तोंड लपवावं. आणि ‘काय ह्ये टाकाऊ, दांडकं नुसतं, उचला आन् नदीत टाका’ असं म्हणून ते बाजूला थुंकले, तर मात्र मालकानं लगेच घरी जाऊन त्या कुत्र्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकाव्यात. मला हे कळायला सहा महिने लागले. तोवर त्यांच्या दारातली सगळी कुत्री टाकाऊ आहेत आणि हा माणूस ती निव्वळ दयेपोटी सांभाळतोय, अशी माझी समजूत होती.

चांगल्या जनावराला त्याच्या तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते, हा त्यांचा नियम. नियम जनावरांपुरताच होता असंही नाही. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तेव्हा हुलग्याचं माडगं इतकं फक्कड झालं होतं की मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. ड्रेसर म्हणाले, “आज काय ह्ये, गुरं बी तोंड लावायची न्हाईत.” मी चपापलो. काकू मात्र हसत हसत आत गेल्या. मागून मला म्हणाल्या, “लगीन होऊन तीस वर्सं झाली. एकदा बी चांगलं झालंय म्हनलं न्हाईत. मला कुत्र्यांच्याच रांगंत बसवलंय. आन् ज्या दिशी ‘बरं झालंय’ म्हनत्यात, त्या दिशी माझं जेवान जात न्हाई.”

जामखेड तालुक्यातल्या एका गावातला जनावरांचा दवाखाना ही माझी पहिली नेमणूक. मी सव्वीस वर्षांचा, ते पन्नाशी ओलांडलेले. दवाखान्यात ते ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरून ठेवणं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं, बाकी सगळा तालुका त्यांना ड्रेसरच म्हणे, त्यांची सूनसुद्धा. पदवी माझ्याकडे होती आणि अक्कल त्यांच्याकडे, हे पहिल्याच आठवड्यात दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मी चुकीच्या बाजूनं बैलाजवळ जायला लागलो की ते नुसते खाकरत.

त्यांच्याकडे कारवानी जातीची कुत्री होती. ही जात अंगानं सडसडीत, तोंड लांबट, पोट पाठीला चिकटलेलं, पाय उंच. पूर्वी आमच्या भागात ती सशाच्या शिकारीसाठी ठेवायचे. शिकारीला कायद्यानं बंदी आली तशी ड्रेसरांनी ती सोडली. “सरकारचा पगार खायाचा आन् सरकारचं ससं बी खायाचं, दोन्ही जमत न्हाई,” म्हणाले. पण कुत्र्यांना रिकामं बसवलं नाही. भुईमुगात घुसणारी रानडुकरं बाहेर काढणं आणि शेळ्यांपासून लांडगा लांब ठेवणं हे त्यांचं काम. हुसकवायचं, धरायचं नाही. एकदा एका कुत्र्यानं डुकराचं पिल्लू धरलं, तर ड्रेसर आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. भाकरी-ताक द्यायचे, पण तोंड फिरवून.

लोक कुत्रं बघतात ते उभं असताना. ड्रेसर बघायचे ते परत आल्यावर. कुत्री पळत गेली की ते चक्क पाठ करून बिडी ओढत बसत. परत आली की मग उठत. धाप किती वेळात बसते ते छातीवर हात ठेवून बघत, पाणी पिण्याआधी कुत्रं सावलीला गेलं का ते बघत आणि शेवटी एकेक पाय उचलून तळवा अंगठ्यानं दाबत. कमरेवरच्या दोन हाडांमध्ये तीन बोटं मावली पाहिजेत, असंही एक माप होतं. कान, रंग, शेपटी यांकडे त्यांचं लक्ष नसे. मी एकदा त्यांच्या एका कुत्रीचा फाटका कान शिवू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “कानानं पळतीय व्हय ती?”

हे ठाऊक असलेल्या कुणीही त्यांना परीक्षक नेमलं नसतं. पण शेजारच्या गावानं जत्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं आणि ‘दवाखान्यातला माणूस’ म्हणून यांना खुर्चीवर बसवलं. सतरा-अठरा कुत्री आली होती, शाम्पू लावलेली, गळ्यात घुंगरू. ड्रेसरांनी सगळ्यांना ओळीनं उन्हात उभं केलं आणि स्वतः चहा पीत बसले. पाऊण तास झाला. मालक वैतागले, सरपंच वैतागले. तेवढ्यात लांब ओढ्याच्या अंगाला काहीतरी हललं आणि टोकाला उभं असलेलं एक काळपट कुत्रं मालकाच्या हातातली दोरी हिसडून पसार झालं. ड्रेसर उठले, म्हणाले, “झालं. पैला नंबर त्याचा.” ढाल घ्यायला कुत्रं हजर नव्हतं आणि मालक त्याच्या मागं पळाला होता. ती ढाल संध्याकाळपर्यंत खुर्चीवर तशीच पडून होती. पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही, याचं त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

पुढे माझी बदली नगरला झाली. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. ड्रेसर निवृत्त झाले. नगरच्याच सावेडी भागात एका मैदानावर मोठा डॉग शो होता, मला तिथं डॉक्टर म्हणून बोलावलं होतं. मी त्यांना फोन केला, या म्हटलं, तुमच्या जातीची कुत्री येणार आहेत. ते एसटीनं आले, धुतलेली टोपी घालून.

रिंगणात कारवानी कुत्री फिरत होती. नावालाच फिरत होती. दोरीनं मान वर धरलेली, चार पावलं दुडकी चाल, मग थांबून मागचे पाय ताणून उभं राहणं. अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी, छाती भरलेली, कमरेवर हाड म्हणून दिसत नव्हतं. ड्रेसर बराच वेळ बघत राहिले.

“डॉक्टर, ही आपलीच जात म्हनायची?”

“हो.”

“मग ह्येंला भूक कवा लागती?”

मी म्हटलं, ही शोची कुत्री, इथं रूप बघतात. तुमची कामाची. कागदावर जात एकच, पण आता दोन घरं झालीत आणि एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालंय. हे त्यांना पटलं. भावकीत असं होतं, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

पहिला आला तो सुलतान नावाचा नर, सायीच्या रंगाचा, उंचापुरा. त्याचे मालक सावेडीतलेच, फरशीचं मोठं दुकान असलेले. त्यांचं नाव मी सांगत नाही, आम्ही दोघं त्यांना फरशीवालेच म्हणत आलो. सुलतानला किताब मिळायला आता एकच सर्टिफिकेट कमी आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. ड्रेसरांनी जवळ जाऊन विचारलं, “पाय बघू का?” परवानगी मिळाल्यावर तळवा उचलला, अंगठ्यानं दाबला, हळूच खाली ठेवला.

“चांगलं हाय,” ड्रेसर म्हणाले.

फरशीवाले इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला चहा पाजला. मी कपात बघत राहिलो.

त्यानंतर दोन वर्षांनी ड्रेसरांचा नर म्हातारपणानं गेला. उरली एक मादी, काष्टी. काष्टीच्या बाजारातून पिल्लू म्हणून आणलेली, म्हणून तेच नाव. ती सहा वर्षांची झाली होती, म्हणजे फार तर एक वेत. ड्रेसर कर्जतकडे फिरले, आष्टीकडे फिरून आले. कामाची कुत्री राहिलीच नव्हती. कुणी शोवाल्यांना पिल्लं विकायला लागलं होतं, कुणाकडे भलत्याच जातीची भेसळ झाली होती. एके दिवशी त्यांचा फोन आला. “डॉक्टर, नर बघा. न्हाईतर हितंच संपलं.” मुलगा पुण्याला नोकरीत होता, त्याला कुत्र्यांचं वेड नव्हतं. हे वेत झालं नाही तर त्यांनी आयुष्यभर राखलेली कामाची जात काष्टीबरोबर जाणार होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. फक्त ‘संपलं’ म्हणाले.

मी सुलतानचं नाव घेतलं. पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “लगीन जमवायचं तर पोरगं बघाया नगं? आदी एक डाव हितं पळू दे.”

फरशीवाले तयार झाले. त्यांनाही गरज होती. कुणा परीक्षकानं त्यांना सांगितलं होतं की तुमच्या कुत्र्यांची हाडं जड व्हायला लागलीत, जुनं रक्त आणा. रीत ठरलेलीच होती, नराच्या मालकाला पहिलं पिल्लू, तेही त्याच्या निवडीचं. पण पुढच्या शोला बारा दिवस होते, तेव्हा संध्याकाळच्या आत परत, अशी त्यांची अट.

सुलतान गाडीतून आला तो गादी, बाटलीचं पाणी आणि डब्यातला चिकन-भात घेऊन. मी सुट्टी काढून बरोबर गेलो होतो. सकाळी आठचा सुमार. भुईमुगाच्या पलीकडच्या कडेला डुकरं होतीच. ड्रेसरांनी काष्टीला सोडलं. फरशीवाल्यांनी सुलतानचा पट्टा काढला आणि सुलतान तिथंच उभा राहिला, मालकाच्या तोंडाकडे बघत. मागचे पायसुद्धा त्यानं नीट ताणून घेतले. मला हसू आलं. ड्रेसर पाठ फिरवून बिडी शोधत होते.

मग त्यानं काष्टीला बघितलं.

तो कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी आयुष्यभर जनावरं बघितली आहेत. इतकी वर्षं त्या कुत्र्याच्या आत हे दाबून ठेवलेलं होतं आणि आम्ही त्याच्या अंगावरची चकाकी बघत होतो. फरशीवाले “सुलतान, स्टे! स्टे!” ओरडत बांधापर्यंत धावले. तोवर तो माळ ओलांडून गेला होता.

काष्टी वीस मिनिटांत परत आली. तो आला नाही. मग माळावर दिसला, लंगडत. आम्ही पुढे गेलो तर मुरमावर, दगडांवर रक्ताचे ठसे. चारही पायांचे तळवे सोलून निघाले होते. जन्मभर फरशीवर वाढलेला कुत्रा, त्या पायांना मुरूम माहीतच नव्हता. आणि आम्ही त्याला धरतोय तोच ओढ्याकडे एक डुक्कर पुन्हा बाहेर पडलं, तर तो त्या पायांवर पुन्हा निघाला. फरशीवाल्यांनी अंगावर पडून त्याला धरला.

“वाटोळं केलं माझ्या कुत्र्याचं!” ते ड्रेसरांवर ओरडले. “बारा दिवसांवर शो आहे!”

ड्रेसर खाली बसले होते. त्यांनी पाय हातात घेतला आणि सुरू झाले. “टाकाऊ. एकदम टाकाऊ. पाय न्हाई, अक्कल न्हाई, असलं जनावर दारात बांदू नये. उचला ह्येला. नदीत टाका.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. फरशीवाल्यांनी हात उगारला. मी मध्ये पडलो, त्यांना बाभळीपर्यंत ओढत नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. शिव्या नाहीत या, पसंती आहे. नजर लागू नये म्हणून. ते जितकं वाईट बोलतील तितकं जनावर चांगलं. ‘चांगलं हाय’ म्हणाले तर वाईट.

फरशीवाल्यांनी वळून ड्रेसरांकडे बघितलं. “म्हणजे तेव्हा शोमध्ये...?”

“हो,” मी म्हटलं. त्या चहाचं मला अजून वाईट वाटतं.

तसल्या पायांनी सुलतानला हलवता येत नव्हतं. तो बारा दिवस तिथंच राहिला आणि फरशीवालेही राहिले. पहिले दोन दिवस चिडून, मग नुसतेच. ड्रेसर सकाळ-संध्याकाळ तळवे धूत, पट्ट्या बदलत. शो होऊन गेला. सुलतान साताठ दिवसांनी उभा राहिला. काष्टीचे माजाचे दिवसही तेव्हाच होते, आणि मग बाकीचं त्या दोघांनी आमच्या सल्ल्याशिवाय उरकलं. निघताना ड्रेसर फरशीवाल्यांना म्हणाले, “माज्या हट्टापायी तुमचं नुसकान झालं. पिल्लू उचलायच्या दिशी मी तुमास्नी आडवनार न्हाई. हवं त्ये उचला.”

पाच पिल्लं झाली. दोन नर थेट सुलतानच्या रंगाचे. बाकीची मातकट. तिसऱ्या आठवड्यात ड्रेसरांचा फोन आला, आवाज अगदी बारीक, गोठ्यामागं जाऊन बोलत असावेत.

“मातकट मादी हाय. एका बोटाला पांढरं. डोळं उघडल्यापास्नं बांधाकडं तोंड करून बसती. तेवढी ऱ्हायली मंजी झालं.”

“काळजी करू नका,” मी म्हटलं. “त्यांना सायीच्या रंगाचाच नर लागणार. शोवाले आहेत.”

“व्हय,” ते म्हणाले. “रंगच बघत्याल.”

सातव्या आठवड्यात फरशीवाले आले. पिल्लांना लशी द्यायला मीही होतो. थंडीतलं कोवळं ऊन होतं, अंगणात गोणपाटावर पाचही पिल्लं सोडली. फरशीवाले आधी रंगाकडे वळले, सायीच्या रंगाचा मोठा नर उचलला. माझा जीव भांड्यात पडला.

“हे कसं आहे?”

“लई चांगलं हाय,” ड्रेसर म्हणाले.

फरशीवाल्यांनी पिल्लू खाली ठेवलं. दुसरं उचललं. “आणि हे?”

“त्ये बी चांगलं.”

तेव्हा मला कळलं आणि माझ्या हातातली सिरिंज तशीच राहिली. या माणसाला किल्ली मीच दिली होती, त्या बाभळीखाली. ते एकेक पिल्लू उचलत गेले आणि शेवटी पांढऱ्या बोटाच्या मादीपाशी आले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनाही कळलं असावं, त्यांनी पदर तोंडाला लावला.

“ही?”

नुसतं ‘चांगली हाय’ म्हटलं असतं तरी ती वाचली असती. दोन शब्द. ड्रेसरांचे ओठ हललेले मी बघितले. पण सात आठवड्यांच्या पिल्लाला, आणि ह्याच पिल्लाला, तोंडावर चांगलं म्हणायचं? उद्या तिला काही झालं तर? चाळीस वर्षांत जे बायकोच्या स्वयंपाकाला म्हटलं नाही ते म्हणायचं? पिल्लू हातचं जाऊ देणं त्यांना त्यापेक्षा सोपं गेलं.

“ह्ये?” ते म्हणाले आणि बाजूला थुंकले. “टाकाऊ.”

“मग हीच,” फरशीवाले म्हणाले.

ड्रेसरांनी दिलेला शब्द पाळला. उपरण्यानं तिचं नाक पुसलं, गाडीपर्यंत आले आणि काचेतून एवढंच म्हणाले, “फरशीवर गोनपाट टाका. पाय घसरत्याल.” गाडी गेली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर मला म्हणाले, “डॉक्टर, लशी ऱ्हायल्यात चौघांच्या.” त्या दिवशी मी न जेवता निघालो. मला स्वतःचा राग आला होता आणि फरशीवाल्यांचाही, खरं तर त्यांची काही चूक नव्हती. माणूस कुत्रं बघायला शिकला होता, एवढंच. बाकीची पिल्लं ‘बरी’ होती. ड्रेसरांनी ती ज्यांनी मागितली त्यांना देऊन टाकली.

मग त्यांचे फोन सुरू झाले. आठवड्याला एक तरी. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकच प्रश्न. “तळवं कसं हायती?”

मी पहिल्या वेळी सावेडीला जाऊन बघून आलो होतो. तीन मजली बंगला, वरपासून खालपर्यंत फरशी. पिल्लू मजेत होतं आणि तळवे लोण्यासारखे मऊ. मला फोनवर ते सांगवलं नाही. “कडक होतायत,” म्हटलं. एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. पुढच्या आठवड्यात “बरेच कडक झालेत.” त्यानंतर न बघताच सांगायला लागलो. ते ऐकून घेत, “व्हय का?” म्हणत आणि फोन ठेवत. तेवढ्यावर त्यांना झोप लागत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी मी जेवायला बसलो होतो, तर त्यांचा फोन.

“डॉक्टर, तळवं कसं हायती?”

“अहो, एकदम दगड,” मी म्हटलं. “कालच बघून आलो.”

पलीकडे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं.

“मऊ हायती, डॉक्टर,” ड्रेसर म्हणाले. “माज्या हातात हायती आत्ता.”

माझा घास हातातच राहिला. मग फरशीवाल्यांचा आवाज आला. “सॉरी डॉक्टर. गेले चार रविवार आणतोय हिला इथं. त्यांनीच सांगितलं, तुम्हाला कळू द्यायचं नाही. सुलतानही आहे, तो बघा, निघालासुद्धा ओढ्याकडे.”

फोन पुन्हा ड्रेसरांकडे गेला.

“आनखी दोन-तीन म्हैनं लागत्याल मुरमाची सवय व्हायला,” ते म्हणाले. “तवर तुमी सांगत जावा कडक हायती म्हनून. आयकाया ग्वाड लागतं.”